क्लिपरमधले वाचनालय: ३६,५१८ दिवसांच्या विलंबाचा उलगडा

मागच्या नोंदीतला ‘आर६००३’ हा शून्याने भागाकाराचा दोष डॉसबॉक्सची (जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) सायकल्स, म्हणजे वेग, कमी केल्यावर मिटला आणि क्लिपर या डॉसच्या काळातल्या भाषेत लिहिलेला वाचनालयाचा प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर उघडू लागला. परंतु आज दिलेल्या पुस्तकाला आजच ३६,५१८ दिवसांचे विलंब शुल्क लागत होते. त्याचे कारण अखेर सापडले आहे.

१२ मार्च २०२६ रोजी एक पुस्तक देऊन परतीची तारीख ‘१९/०३/२६’ अशी भरली आणि नोंदी साठवणारी डीबीएफ फाइल एचएक्सडी या फाइलमधले बाइट दाखवणाऱ्या साधनात उघडली. (या कामाला इतके साधे आणि भरवशाचे साधन मला तरी दुसरे माहीत नाही.) एकाच ओळीत शेजारी शेजारी ‘२०२६०३१२’ आणि ‘१९२६०३१९’ असे आकडे होते. डीबीएफमध्ये वर्ष चार अंकीच साठते आणि देण्याची तारीख थेट डॉसकडून येत असल्यामुळे ती अचूक राहते. हाताने भरलेल्या दोन अंकी वर्षाला मात्र क्लिपर विसावे शतक गृहीत धरतो. शंभर वर्षांचे ३६,५२५ दिवस, त्यांतून मुदतीचे सात वजा केले की हिशेब तंतोतंत जुळतो.

संगणकाचे घड्याळ १९९८ वर नेण्याची युक्ती जुने प्रोग्राम चालवणाऱ्या आपल्यापैकी अनेक जण वापरतात, कारण त्या वर्षाचे वार २०२६ शी जुळतात. जुन्या खेळांसाठी ती उत्तम आहे. पण या वाचनालयात १९९८ च्या खऱ्या नोंदी आहेत आणि त्यांत नव्या नोंदी मिसळणे मला मान्य नाही. म्हणून प्रोग्राम बंद केल्यावर पायथनच्या छोट्या स्क्रिप्टने फक्त परतीच्या तारखेतले शतक दुरुस्त करायचे आणि मग रीइंडेक्स (नोंदींची अनुक्रमणिका नव्याने बांधणे) चालवायचे, असे ठरवले. जन्मतारखेच्या फील्डला ती हात लावत नाही, कारण १९२६ चा जन्म खराही असू शकतो. दुरुस्तीनंतर विलंबाची यादी कोरी आली, तेव्हा फार समाधान वाटले.

मात्र हे लिहीत असतानाच याहून मुळाशी जाणारा उपाय सुचला आहे. क्लिपर ५ मध्ये ‘सेट इपॉक’ची, म्हणजे दोन अंकी वर्षे कोणत्या वर्षापासून पुढे धरायची हे ठरवणाऱ्या आज्ञेची, मूळ किंमत १९०० असते. सोर्स (मूळ कोड) हरवला असला तरी ती किंमत ईएक्सईमध्ये, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये, ‘६सी ०७’ या दोन सोळा-आधारी बाइटांच्या रूपात असायला हवी. तिथे ‘८ए ०७’, म्हणजे १९३०, लिहिले, तर सीमा १९३० वर जाईल, २६ चे २०२६ होईल आणि १९३० पासून पुढे जन्मलेल्या सभासदांच्या तारखाही शाबूत राहतील. ही जोडी फाइलमध्ये इतरत्रही आढळणार, त्यामुळे मूळ ईएक्सई बाजूला ठेवून प्रतीवर एका वेळी एकच जागा बदलून पाहावी लागेल. स्क्रिप्टचे उरलेले काम तोपर्यंत थांबवतो आहे.