मुशी, पाकट आणि दोन समीकरणे

परिसंस्थेचे प्रतिमान, म्हणजे तिचे गणिती मॉडेल, किती साधे असावे, हा प्रश्न पडला की मी एड्रियाटिक समुद्रावरच्या फ्यूमे बंदरातल्या मासळी बाजाराचे जुने आकडे काढून बसतो. तिथल्या मासळीत मुशी, पाकट अशा भक्षक माशांचे प्रमाण १९१४ मध्ये ११.९ टक्के होते. महायुद्धाने मासेमारी रोडावली आणि १९१८ मध्ये ते ३६.४ टक्क्यांवर गेले, तर १९२३ पर्यंत पुन्हा १०.७ वर आले. जाळी थांबल्याचा फायदा भक्षकांनाच इतका का व्हावा, हे कोडे प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो दांकोना यांनी आपले सासरे, गणितज्ञ वीतो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवले.

व्होल्तेरांनी १९२६ मध्ये अवघ्या दोन समीकरणांत ते सोडवले. या समीकरणांत भक्ष्याची सरासरी संख्या त्याच्या स्वतःच्या जननदरावर ठरत नाही, ती भक्षकाच्या मृत्युदरावर ठरते; आणि भक्षकाची सरासरी ठरते ती भक्ष्याच्या वाढीच्या वेगावर. जाळे दोघांनाही ओढते, तेव्हा भक्षकाचा मृत्युदर चढतो, भक्ष्याची वाढ मंदावते आणि बेताच्या मासेमारीत सरासरीने भक्ष्य वाढून भक्षक घटतात. जाळी थांबली की हेच उलटे फिरते.

या मांडणीत खोट आहेच. गर्दी झाली की भक्ष्याची वाढ आपोआप मंदावते, एवढे एकच पद मी वहीत जोडून पाहिले, तर व्होल्तेरांच्या समीकरणांतली भक्ष्य-भक्षकांच्या संख्येच्या चढउतारांची अखंड फिरणारी चक्रे विरत जाऊन स्थिरावली. मासेमारीविषयीचा निष्कर्ष मात्र जागचा हलला नाही. गुंतागुंत वाढवायची ती यासाठी, असे मला मनापासून वाटते: साध्या प्रतिमानातले काय टिकते आणि काय केवळ साधेपणामुळे दिसत होते, हे पारखण्यासाठी. एरवी वीस प्रजाती एकमेकींशी जोडायच्या म्हटले तर ३८० गुणांक, म्हणजे एका प्रजातीचा दुसरीवर किती परिणाम होतो हे सांगणारे आकडे, लागतात, आणि त्यांतले बहुतेक कोणी मोजलेले नसतात, अंदाजाने भरलेले असतात.

दोघांवर एकच मारा झाला की भक्षक घटतात आणि भक्ष्य वाढते, हा टिकलेला निष्कर्ष समुद्रापुरता नाही. कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागांमधली कापसासारखी पांढरी खवलेकीड १८८८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून आणलेल्या, तिला खाणाऱ्या ढालकिड्यांनी आटोक्यात ठेवली होती. १९४० च्या दशकात तिथे डीडीटी फवारले गेले, ढालकिडे मेले, खवलेकीड पुन्हा फोफावली आणि बागायतदारांना ढालकिडे नव्याने आणून सोडावे लागले.