तुम्ही विचारलंत म्हणून: बँड कशाला?

"तुम्ही एकटे गिटार घेऊन गायचात तेच बरं होतं. आता ड्रम, बास, इलेक्ट्रिक गिटार... शब्द कुठे ऐकू येतात?" कार्यक्रम संपला की कुणीतरी हे विचारतंच, आणि बहुतेक वेळा प्रेमानं विचारतं, त्यामुळे उत्तर ओठांवर येऊन परत फिरतं. एकदाच सविस्तर सांगून टाकतो.

तुम्हाला आठवतो तो एकट्याचा 'नैसर्गिक' आवाज तितकासा नैसर्गिक कधीच नव्हता. मोठ्या सभागृहात अकूस्टिक गिटार तुमच्यापर्यंत पोचते ती सॅडलखालच्या (तारा टेकतात त्या पट्टीखालच्या) पिएझो पिकअपमधून, म्हणजे कंपनांचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या तुकड्यातून. त्या पिकअपला साधारण १ मेगाओमचा, म्हणजे खूप जास्त रोधाचा, इनपुट लागतो. वायर थेट मिक्सरमध्ये खुपसली की खालचा भरदारपणा गळतो आणि पत्र्यावर वाजवल्यासारखा आवाज येतो, म्हणून मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे हा संकेत मिक्सरला मानवेल असा करणारी डबी. आवाज वाढवला की लाकडी पेटी १०० हर्ट्झच्या आसपास घुमू लागते, आणि खालचा जी ९८ वर, ए ११० वर, म्हणजे नेमके रोजच्या वापरातले सूर. मग साउंडहोलला रबरी झाकण, त्या पट्ट्यावर नॉच फिल्टर, म्हणजे तेवढेच सूर कापणारी गाळणी. एवढं करून जे उरतं ते तुम्हाला आवडायचं.

एकट्यानं गाताना बास, ठेका आणि भरणा, तिन्ही माझ्याच उजव्या हातात. बँड आला की यातलं बरंचसं सोडावं लागतं. जे गायक सोडत नाहीत ते बँडची खिचडी करतात आणि वर ड्रमरला शिव्या घालतात. माझी गिटार आता १२० हर्ट्झखाली कापलेली असते, कारण ती जागा बासची. इलेक्ट्रिक गिटारवाला वरच्या सुरांच्या तीन बारीक तारांवर राहतो. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं) लावलं की अख्खी मेजर कॉर्ड वाजवायची नाही: तिसरा सूर आणि मूळ सूर एकमेकांत मिसळून भलतेच सूर तयार होतात आणि चिखल होतो. मूळ सूर आणि पंचम, बस.

शब्द हरवतात, हे कबूल. पण त्यांची जागा कोण खातंय ते बघायला हवं. व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि गिटारवाल्याला आपलं वाद्य 'पुढे' हवं असतं तेही तिथेच. त्या पट्ट्यात गिटार ३ डेसिबल उतरवा, फरक फक्त गिटारवाल्याला कळतो. स, श, छ त्याहून वर, थेट सिंबलच्या हद्दीत. म्हणून ओळ चालू असताना क्रॅश (मोठ्या सिंबलचा दणका) नाही, ओळ संपल्यावर. गिटारचा ॲम्प (तिचा स्वतःचा ध्वनिवर्धक) खुर्चीवर तिरका ठेवून वादकाच्या कानाकडे वळवा. जमिनीवरचा ॲम्प त्याच्या गुडघ्यांना ऐकू येतो, म्हणून तो बटण फिरवत राहतो.

आता अमेरिकेतलं न्यूपोर्ट. विचारणारा जाणकार असला की हे नाव काढतोच. २५ जुलै १९६५, लोकसंगीताच्या महोत्सवात त्या मंडळींचा लाडका गायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला आणि हुर्यो उडाली. "बघा, तेव्हाही लोकांना नकोच होतं." थांबा. त्या रात्रीची जोडणी बघा. गिटारवर माइक ब्लूमफील्ड, बासवर जेरोम अर्नोल्ड, ड्रमवर सॅम ले, तिघे पॉल बटरफील्डच्या ब्लूज बँडचे. कीबोर्डवर अल कूपर आणि बॅरी गोल्डबर्ग. तालीम आदल्या रात्रीची. कूपरच्या आठवणीप्रमाणे पहिल्याच गाण्यात ठेका उलटला, चार मात्रांतल्या दोन आणि चारवरचा ठोका एक आणि तीनवर पडू लागला. असं झालं की गायकानं एकतर अर्धी ओळ गिळून पुन्हा सम पकडायची, नाहीतर उलट्या ठेक्यावर तसंच रेटायचं. दोन्हीत शब्दच मरतात. गायकापुढे मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकायचा स्पीकर) ठेवायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. आज ध्वनिमुद्रणात गळा स्पष्ट ऐकू येतो तो मायक्रोफोनच्या वायरीतून आलाय म्हणून. मंचाजवळ बसलेल्याच्या कानावर आधी ॲम्प आदळतो. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर कुऱ्हाडीनं वायर तोडायला निघाले, ही दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी पुढे सांगितलेलं कुणी सांगत नाही: राग इलेक्ट्रिक गिटारवर नव्हता, फाटक्या आवाजात शब्द कळत नव्हते यावर होता. तीन गाण्यांत मंडळी उतरली. मग डिलन अकूस्टिक गिटार घेऊन एकटा परतला, ई पट्टीचा माउथऑर्गन कुणाकडे आहे का विचारलं, आणि लोकांनी मंचावर माउथऑर्गन फेकले. हुर्यो विजेला होती, खराब आवाजाला होती की तीनच गाणी झाली म्हणून, यावर तिथे हजर असलेल्यांचंही एकमत नाही.

तर माझं म्हणणं, न्यूपोर्टला तालीम आणि यंत्रणा हरली. अडचण अशी की पुढच्याच वर्षी हे म्हणणं लंगडं पडतं. डिलनच्या १९६६ च्या दौऱ्यात पूर्वार्ध एकट्याचा, उत्तरार्ध हॉक्स या बँडबरोबर, आणि हॉक्स म्हणजे वर्षानुवर्षं एकत्र वाजवलेली माणसं. तरी १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये "ज्यूडास!" (म्हणजे येशूला दगा देणारा) अशी आरोळी आलीच. त्यांचा ड्रमर लेव्हॉन हेल्म तर रोजची हुर्यो असह्य होऊन १९६५ संपायच्या आतच निघून गेला होता.

म्हणजे नीट वाजवूनही काहींना नको असतं, आणि ते बहिरे नसतात. ओवीला ठेका नको, श्वास पुरतो, असं पूर्वी मीच ठासून सांगायचो. माझ्यातल्या त्या जुन्या माणसाला अजून पुरतं उत्तर देता येत नाही. एकटा असताना शब्दावर हवं तितकं रेंगाळता येतं. बँडमध्ये ते रेंगाळणं आधी मोजून ठेवावं लागतं, आणि मोजलेलं लगेच कळतं. क्लिक (कानात वाजणारी लयीची टिकटिक) बंद ठेवून ड्रमरला माझ्या श्वासाकडे बघायला सांगितलंय. संथ गाण्यात जमतं, जलद गाण्यात तो माझ्या आधी पोचतो.

सात कडव्यांच्या कथागीताचं भांडण तर चालूच आहे. दर कडव्याला वाद्य वाढवलं की चौथ्यापर्यंत दारूगोळा संपतो. पातळी तीच ठेवली की गाणं झोपतं. सध्या पहिली तीन कडवी मी आणि बास, चौथ्याला ड्रमवर ब्रश, पाचव्याला काड्या, सहाव्याला इलेक्ट्रिक गिटार. सातव्यात गप्प कुणी बसायचं, यावर बासवाला आणि गिटारवाला दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.