शून्य रुपयांचा डॉलर

आमचे ऑफिस महापे येथे आहे आणि न्हावा शेवा बंदरातून माल सोडवून घेणाऱ्या एका कस्टम हाउस एजंटची बिलांची प्रणाली आम्ही सांभाळतो. गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळीच त्यांच्या हिशेबनिसांचा फोन आला, ‘‘साहेब, सरकारने ड्युटी माफ केली का?’’ स्क्रीनवर डॉलरचा दर शून्य दिसत होता. त्यामुळे कंटेनरभर मालाची रुपयांतली किंमत शून्य आणि तिच्यावरची ड्युटीही शून्य निघत होती.

सर्व्हरकडून दर बरोबर येत होता. आमच्या जावास्क्रिप्ट प्रोग्रामच्या दराच्या फाइलीत तो नीट छापला जाई, बिलाच्या फाइलीत इम्पोर्ट केला, म्हणजे तिथे वापरायला घेतला, की शून्य. कॅशे (तात्पुरती साठवण) पुसण्यासारखे नेहमीचे उपाय दुपारच्या डब्यापर्यंत करून झाले. आमचे वरिष्ठ नोडच्या ‘रिक्वायर’वर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या फाइली जोडण्याच्या जुन्या पद्धतीवर, वाढलेले; इम्पोर्ट केले की किमतीची प्रत येते, मूळ नंतर बदलले तरी आपल्याकडे जुनेच राहते, असे त्यांनी ठामपणे सांगितले. हे उत्तर लक्षणांशी जुळत होते आणि तरीही चूक होते. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाणकात आलेल्या मॉड्यूल पद्धतीत नावाने इम्पोर्ट केलेली गोष्ट प्रत नसते. ती मूळ व्हेरिएबललाच, म्हणजे किंमत ज्या नावाखाली ठेवली त्या नावालाच, बांधलेली असते, म्हणून मूळ फाइलीत दर बदलला की वापरणाऱ्या फाइलीतही नवाच वाचायला मिळतो, फक्त तिथून तो बदलता येत नाही. शुक्रवारपर्यंत आमची बिले याच आधारावर बिनचूक निघत होती.

फरक एका ओळीचा होता. नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने, इम्पोर्ट करताना महिरपी कंस लिहावे लागू नयेत म्हणून, दराच्या फाइलीत ‘एक्स्पोर्ट डीफॉल्ट दर’ (फाइलीतून बाहेर द्यायची मुख्य गोष्ट म्हणजे दर) असे केले होते. असे लिहिले की ती ओळ चालते त्या क्षणाची किंमत बाहेर दिली जाते आणि व्हेरिएबलशी तिचा संबंध तुटतो. आमची ती ओळ सर्व्हरचे उत्तर येण्याआधी चालत होती आणि तेव्हा किंमत शून्यच होती. याउलट ‘एक्स्पोर्ट’पुढे महिरपी कंसात ‘दर ॲज डीफॉल्ट’ लिहिले, तर तोच डीफॉल्ट व्हेरिएबलला बांधलेला राहतो. वाचणाऱ्याला दोन्ही ओळी सारख्याच वाटतात, आणि याचा दोष मी त्या मुलीपेक्षा भाषा घडवणाऱ्यांना देतो. प्रोग्रामच्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या, कारण त्यांत दराची फाइलच नकली, ठरलेल्या आकड्याची होती.

मी कंसांची ओळ लिहिली आणि चारच्या सुमारास दर दिसू लागला. ‘‘म्हणजे प्रतच होती ना,’’ असे म्हणून वरिष्ठांनी विषय संपवला. त्या मुलीचा बदल मंजूर करणाऱ्याच्या जागी माझे नाव आहे, आणि तो वाचल्याचे मला अजूनही आठवत नाही.