चढ काढता येतो, वाचता का येत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: दहावीच्या भूमितीत रेषेचा चढ बरोबर काढणारी मुलं अकरावीत फिजिक्सचा आलेख समोर आला की का अडखळतात?

भूमितीतला चढ, म्हणजे रेघ जितकी आडवी सरकते त्याच्या किती पट वर जाते, हा नुसता आकडा असतो. फिजिक्समधल्या चढाला एकक असतं आणि त्याचा अर्थ त्या एककातच असतो. उभ्या अक्षावर मीटर आणि आडव्यावर सेकंद असतील तर चढ मीटर प्रति सेकंदात येतो, म्हणजे तो वेग. उभ्या अक्षावर वेग असेल तर तशीच दिसणारी रेघ त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, सांगते. म्हणून रेघेकडे बघण्याआधी दोन्ही अक्षांवरची नावं आणि एककं मोठ्याने वाचायची. ही सवय लागली की निम्म्या चुका आपोआप जातात.

दहावीत चढ म्हणजे रेघेच्या कोनाचा टॅन थीटा असंही शिकवलेलं असतं, त्यामुळे काही मुलं कोनमापक काढतात. इथे तो चालत नाही. एक सेंटिमीटरला १० मीटर असं प्रमाण घेतलं आणि नंतर ते ५ मीटर केलं, तर गाडी तीच राहते, वेग तोच राहतो, पण रेघ जास्त उभी दिसते. कोन कागदावरचा असतो, चढ मात्र अक्षांवरच्या आकड्यांतून काढायचा.

दुसरी चूक एकाच बिंदूवरून वेग काढण्याची. समजा, घड्याळ सुरू केलं तेव्हा सायकल खांबापासून ४० मीटरवर होती आणि १० सेकंदांनी १०० मीटरवर पोचली. पुष्कळ मुलं १०० भागिले १० करून वेग १० मीटर प्रति सेकंद लिहितात. सायकल गेली ६० मीटर, म्हणून वेग ६. रेघ आरंभबिंदूतून जात असेल तरच एका बिंदूने भागतं, आणि शाळेतली बहुतेक उदाहरणं तशीच असल्यामुळे ही चूक वर्षभर झाकली जाते.

बिंदू निवडतानाही काळजी हवी. ते रेघेवरचे घ्या, निरीक्षणाच्या तक्त्यातले नकोत, आणि एकमेकांपासून लांब घ्या. आलेख कागदावर वाचताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. बिंदूंत १० मिलिमीटरचं अंतर असेल तर तेवढ्याने ५ टक्के फरक पडतो, १०० मिलिमीटर असेल तर अर्धाच टक्का.

रेघ वाकडी असेल तर स्पर्शिका, म्हणजे त्या बिंदूला वक्राला नुसती टेकणारी सरळ रेघ, काढावी लागते. उतारावरून सोडलेल्या चेंडूचं त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. तिसऱ्या सेकंदाला तो १८ मीटरवर असतो. १८ भागिले ३ म्हणजे ६, पण हा झाला सरासरी वेग. त्या क्षणाचा वेग १२ आहे, बरोबर दुप्पट. तिथली स्पर्शिका नीट आली असेल तर ती काळाच्या अक्षाला दीड सेकंदावर छेदते आणि साडेचार सेकंदांना ३६ मीटरवर असते. दीड ते साडेचार म्हणजे ३ सेकंद; ३६ भागिले ३, बारा. हाताने स्पर्शिका काढताना डोळा फसतो, म्हणून एक लहान सपाट आरसा घ्यावा. तो त्या बिंदूवर वक्राला आडवा उभा धरायचा आणि वक्र व त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोपरा नाहीसा होईपर्यंत हळूहळू फिरवायचा. आरशाच्या कडेने रेघ मारली की ती झाली लंब, आणि तिला काटकोनात स्पर्शिका.

पण सगळ्यात खोल गोंधळ रेघेची उंची, म्हणजे बिंदू उभ्या अक्षावर कितीवर आहे ते, आणि चढ यांच्यातला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली या अडचणींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात स्थान-काल आलेखावर दोन सरळ रेघा एकमेकींना छेदतात, आणि प्रश्न असा की या दोन वस्तूंचा वेग कधी सारखा असतो का? अनेक विद्यार्थी छेदनबिंदू दाखवतात. तिथे सारखं असतं ते स्थान. दोन्ही रेघा सरळ आणि चढ वेगवेगळे, म्हणजे वेग कधीच सारखा नाही. प्रश्न उंचीचा आहे की चढाचा, हे आधी ठरवावं लागतं आणि ते कोणी मुद्दाम शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सरळ वर फेकलेल्या चेंडूवर हे घोटून घ्या. सुरुवातीचा वेग २०, गुरुत्वत्वरण १० धरू. वेग-काल आलेखात रेघ अधिक २० पासून निघते, दुसऱ्या सेकंदाला शून्यातून जाते आणि चौथ्याला उणे २० वर पोचते. ती कुठेही वाकत नाही. चढ सगळीकडे उणे १०, माथ्यावरसुद्धा. तिथे वेग शून्य आहे म्हणून त्वरणही शून्य असं म्हणणाऱ्याने रेघेची उंची वाचली, चढ नाही. शिवाय उणे त्वरण म्हणजे मंदावणं हेही खरं नाही: दोन सेकंदांनंतर चढ तोच उणे १० आहे आणि चेंडूची चाल, म्हणजे चिन्ह सोडून वेगाचा आकडा, वाढतेच आहे. वेग आणि त्वरण यांची चिन्हं विरुद्ध असली तरच चाल कमी होते. हाच चेंडू स्थान-काल आलेखावर काढला तर माथा २० मीटरवर येतो आणि तिथली स्पर्शिका आडवी असते. दोन्ही आलेख एकाखाली एक, काळाचा अक्ष जुळवून काढावेत; वरच्याचा चढ खालच्याची उंची होताना डोळ्यांना दिसतो.

शाळेत स्थान-काल आलेखालाच अंतर-काल आलेख म्हणतात, तिथेही एक खाच आहे. एकूण कापलेलं अंतर कधी कमी होत नाही. खाली येणारी रेघ फक्त स्थानाच्या आलेखात येते आणि ती मंदावणारी गाडी नव्हे, परतणारी गाडी दाखवते.

याचं उत्तम उदाहरण रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात असतं. पूर्वी हाताने आणि आता बहुतेक संगणकावर काढला जाणारा सेक्शन कंट्रोलरचा (मार्गाच्या एका भागातल्या गाड्या सांभाळणाऱ्याचा) चार्ट हा स्थान-काल आलेखच: आडवी वेळ, उभी स्टेशनं. कोकण रेल्वेचा घ्या. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली ओळीने, मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांच्या रेघा एका दिशेला कललेल्या, मडगावकडून येणाऱ्यांच्या उलट. एक्स्प्रेसची रेघ जास्त उभी, मालगाडीची लोळलेली, थांबा म्हणजे आडवा तुकडा. तो मार्ग बहुतांशी एकेरी आहे, म्हणून समोरासमोरच्या दोन रेघा छेदायच्या त्या स्टेशनाच्या ओळीवरच, जिथे एक गाडी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी करता येते. दोन स्टेशनांच्या मध्ये छेद आला तर एका गाडीचा आडवा तुकडा लांबवून तो छेद स्टेशनावर आणावाच लागतो.