प्रकाशाचा वेग मी दहापट कमी केला तेव्हा

खगोलशास्त्रावरच्या एका पुस्तकाचं ध्वनिमुद्रण व्हायचं होतं. वाचणाऱ्या बाईंची एकच अट होती: "आकडा दिसला की मी अडखळते, सगळे अक्षरी लिहून द्या." दोन संध्याकाळींचं काम समजून मी हो म्हटलं. त्याला आठ दिवस लागले.

पहिलाच आकडा प्रकाशाच्या वेगाचा. मूळ मजकूर इंग्रजी, त्यामुळे स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर: सेकंदाला २९९,७९२,४५८ मीटर. पहिला गट बघून मी खुशाल लिहिलं, "दोनशे नव्व्याण्णव लाख". मिलियन म्हणजे दहा लाख हे शाळेपासून पाठ, पण लिहिताना त्यातले 'दहा' गळाले आणि प्रकाश दहापट मंदावला. चूक सापडली ती धाकट्या बहिणीला. तेव्हापासून आधी सगळे स्वल्पविराम पुसायचे, मग उजवीकडून तीन अंक आणि पुढे दोन-दोन, असं ठरवलं. २९,९७,९२,४५८. एकोणतीस कोटी सत्त्याण्णव लाख ब्याण्णव हजार चारशे अठ्ठावन्न. एवढं केलं की आकडा आपणहून बोलतो.

शून्याने मात्र छळलं. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर, आणि मी लिहिलं चाळीस हजार सातशे पन्नास! अंकांत शून्य आपली जागा अडवून बसतं, अक्षरांत त्याचा मागमूसही राहत नाही.

म्हणून उलटतपासणी सुरू केली. मी अक्षरी मजकूर वाचायचा, बहिणीने मूळ न बघता अंक मांडायचे. खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर, आलं: एकशे एकोणपन्नास अब्ज एकोणसाठ कोटी अठ्ठ्याहत्तर लाख सत्तर हजार सातशे मीटर. तिने एकोणसाठला ६९ लिहिलं. कानावर 'साठ' पडतं, हात सहाकडे जातो. बरं, एकोणचा नियम तरी शेवटपर्यंत चालावा? ८९ एकोणनव्वद, पण ९९ नव्व्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा मीही हसले होते. आता हसणार नाही. (एकोणसाठ सोडणारही नाही, ते वेगळं.)

खरी अडचण प्रकाशवर्षाची, म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो त्या अंतराची. मीटरमध्ये तो आकडा सोळा अंकी: ९४६०७३०४७२५८०८००. लिहिला असा: चौऱ्याण्णव कोटी साठ लाख त्र्याहत्तर हजार सत्तेचाळीस कोटी पंचवीस लाख ऐंशी हजार आठशे.

"ताई, कोटी दोनदा कसे आले?"

बरोबरच आले होते, कारण पहिले चौऱ्याण्णव कोटी हे 'कोटी'चेच कोटी. पण ऐकणाऱ्याला ते कसं कळणार? मग जुन्या संज्ञांकडे वळले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म असं दरवेळी दसपटीने थेट परार्धापर्यंत जाता येतं. त्या हिशेबाने दहा अब्जांचा एक खर्व. हिंदीतला खरब मात्र शंभर अरबांचा, आणि अरब म्हणजे आपला अब्जच. ऐकणाऱ्याच्या डोक्यात यांतला कोणता असेल, हे कोण सांगणार! मी खर्व सोडून दिला. अब्जही फक्त खगोलीय एककाच्या ठिकाणी राहिला, बाकी सगळीकडे कोटी. विश्वाचं वय तेरा हजार आठशे नव्हे, तेराशे ऐंशी कोटी वर्षं (हेही दोनदा तपासलं). पृथ्वीचं साडेचारशे कोटींहून थोडं जास्त. प्रकाशवर्षाचे मीटर काढून टाकले आणि लिहिलं, सुमारे नऊ लाख सेहेचाळीस हजार कोटी किलोमीटर. नेमकेपणा गेला, पण वाक्य एका दमात वाचता येऊ लागलं.

सगळी पानं पाठवली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. प्रत्येक कोटी, लाख आणि हजारानंतर त्यांनी पेन्सिलीने उभी रेघ मारून घेतली होती, श्वास कुठे घ्यायचा ते कळावं म्हणून.

"अक्षरं छान आहेत," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी रेघाही तुम्हीच मारून द्या."