उल्हासनगरची स्वस्त खरेदी : आधी कॅम्प ठरवा, मग स्टेशन

उल्हासनगर स्टेशनवर उतरले की समोरच बाजार, असे आम्हाला निदान चार जणांनी छातीठोकपणे सांगितले होते, आणि त्या चौघांपैकी एकानेही गेल्या कित्येक वर्षांत तिकडे पाऊल टाकलेले नव्हते, हे आम्हाला तिथून परत आल्यावर कळले. समोर बाजार आहे हे खोटे नाही. पण तो आपल्याला हवा असलेला बाजार असेलच असे नाही. हे शहर पाच कॅम्पांमध्ये विभागलेले आहे, एक, दोन आणि तीन हे कॅम्प रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला आणि चार व पाच पूर्वेला आहेत, आणि कपडा एका कॅम्पात, जीन्स दुसऱ्यात, फर्निचर तिसरीकडे अशी धंद्याची वाटणी आहे. घरून निघण्यापूर्वी कॅम्प नक्की केला नाही, तर शंभर-दोनशे रुपयांची बचत करायला गेलेला माणूस तेवढेच पैसे रिक्षावाल्यांना देऊन घरी येतो.

या वाटणीचे मूळ शहराच्या जन्मातच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच छावणीच्या बराकींमध्ये उतरवण्यात आले, आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी छावणीचा हिशेब तसाच राहिला. आजही पत्ता लिहिताना कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बॅरेक नंबर आणि खोली नंबर असाच लिहिला जातो. हा पत्ता टपाल खात्याला आणि तिथल्या रहिवाशांना कळतो. बाहेरच्या माणसाने बॅरेक नंबराच्या मागे लागू नये. दुकानदाराला फोन करून ‘कोणता कॅम्प आणि कोणता चौक’ एवढे दोनच प्रश्न विचारावेत, कारण रस्त्यावरचे लोकही चौकानेच वाट सांगतात.

साधारण मांडणी अशी आहे. साड्या, ड्रेसचे कापड, चादरी, पडदे आणि तयार कपडे हवे असतील तर कॅम्प दोनमधील नेहरू चौक, गजानन मार्केट आणि जपानी बाजार हा परिसर. यासाठी कल्याणच्या पुढे कसारा मार्गावरचे शहाड स्टेशन किंवा विठ्ठलवाडी सोयीचे. जीन्स आणि गाऊन हवे असतील तर कॅम्प पाच, म्हणजे उल्हासनगर स्टेशनची पूर्व बाजू. फर्निचरची दुकाने कल्याण-अंबरनाथ रस्त्यावर ओळीने लागलेली आहेत. एका फेरीत हे तिन्ही उरकण्याचा बेत करू नये. आम्हाला तो कुणीतरी सुचवला होता. सुचवणाऱ्याचे पाय आमच्यापेक्षा तरुण असावेत.

आता प्रवासाविषयी. माझ्या धाकट्या बहिणीने बदलापूरला नवे घर घेतले आहे आणि मी पुण्याहून तिच्याकडे मुक्कामाला गेले होते. ‘दोन स्टेशने तर आहेत, सकाळी लवकर जाऊन दुपारच्या जेवणाला परत याल,’ असे तिच्या शेजाऱ्यांनी सांगितले. बदलापूरहून अंबरनाथ आणि त्यानंतर उल्हासनगर, हे अंतर नकाशावर खरोखरच किरकोळ आहे. परंतु सकाळी साडेआठला मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या लोकलमध्ये बदलापूरला चढलेला माणूस उल्हासनगरला उतरणार असेल, हे त्या डब्यातील कुणाच्याही कल्पनेत बसत नाही. महिलांच्या डब्यात आम्ही दारापासून जेमतेम दोन हातांवर उभ्या होतो. अंबरनाथला चढलेल्या लोंढ्याने आम्हाला थेट मधल्या पॅसेजमध्ये ढकलले, ‘उल्हासनगरला उतरायचंय’ असे म्हणताच ‘मग आधी सांगायचं ना, आता कुठे?’ असे सडेतोड उत्तर मिळाले, उल्हासनगर गेले, विठ्ठलवाडीही गेले, आणि कल्याणला अर्धा डबा रिकामा झाला तेव्हा त्या गर्दीबरोबर आम्हीही बाहेर पडलो. कल्याणहून उलट दिशेची कर्जत लोकल पकडली. तिच्यात बसायला खिडकीची जागा होती.

म्हणून बदलापूर किंवा अंबरनाथकडून येणाऱ्यांनी अकराच्या आधी मुळीच निघू नये, किंवा सरळ रस्त्याने रिक्षा अथवा बस करावी. मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांना हा त्रास नाही, कारण सकाळी ते गर्दीच्या उलट दिशेने येतात. फक्त गाडी कल्याणपर्यंतच जाणारी नाही ना, एवढे पाहावे. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीसाठी अंबरनाथ, बदलापूर, कर्जत किंवा खोपोली लोकल लागते, तर शहाडसाठी टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा. पुणे-नाशिकच्या लोकांनी कल्याणला उतरून गाडी बदलावी. संध्याकाळी सहानंतर मुंबईहून येणारी गर्दी सुरू होते, तेव्हा बदलापूरकडे परतणाऱ्यांनी पाचच्या आत स्टेशन गाठावे; हातात पिशव्या असताना ते धाडस करण्यात काहीही शहाणपण नाही.

स्टेशनाबाहेर आमची खरी लूट झाली, आणि तिच्याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे. ‘जपानी बाजार’ असे म्हणताच पहिल्याच रिक्षावाल्याने एकशे ऐंशी रुपये सांगितले आणि ‘मॅडम, लंबा घूमके जाना पडता है’ अशी पुस्तीही जोडली. उन्हात उभे राहण्याचा कंटाळा येऊन आम्ही बसलो. थोडे अंतर गेल्यावर त्याने मागे वळून, आज जपानी बाजार अर्धा बंद असल्याचे आणि आपल्या ओळखीच्या ‘फॅक्टरी’त याहून स्वस्त माल असल्याचे जाहीर केले, आणि आम्ही हो-नाही म्हणण्याच्या आत रिक्षा एका पहिल्या मजल्यावरच्या दुकानासमोर उभी केली. फॅक्टरी म्हणावी असे तिथे काहीच नव्हते; एक काउंटर, दोन मुलगे आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले, बाहेर रस्त्यावर मिळतात तेच कुर्ते. भाव सांगताना त्या मुलाने आधी रिक्षावाल्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. आम्ही खाली उतरून चालायला लागलो तेव्हा त्या गृहस्थांनी ठरलेल्या एकशे ऐंशीशिवाय ‘वेटिंग’चेही पैसे मागितले. तेथून आम्ही शेअर रिक्षाने माणशी वीस रुपये देऊन नेहरू चौकात पोहोचलो, आणि बाजार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडा होता.

यावर उपाय सोपा आहे. स्टेशनाच्या दारात जे स्वतःहून ‘कहाँ जाना है’ विचारतात त्यांच्याकडे न पाहता थोडे पुढे चालावे, शेअर रिक्षाची रांग कुठे आहे हे एखाद्या पानवाल्याला किंवा कॉलेजच्या मुलीला विचारावे, आणि बाजाराचे नाव न घेता चौकाचे नाव घ्यावे. बाजाराचे नाव घेणारा गिऱ्हाईक असतो, चौकाचे नाव घेणारा गावातला असतो, असा तिथला सरळ हिशेब आहे. ‘स्पेशल’ करावीच लागली तर बसण्यापूर्वी ‘बीच में कहीं रुकना नहीं’ हे वाक्य भाड्याबरोबरच ठरवून घ्यावे. बाजार बंद आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. साप्ताहिक सुट्टीची चौकशी आदल्या दिवशी दुकानदाराकडेच करावी.

जीन्सविषयी लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की तिथे एक नग कारखान्याच्या भावात मिळतो. तसा तो मिळत नाही. घाऊक दुकानात माल ‘सेट’ने विकला जातो, म्हणजे एकाच रंगाच्या आणि कापडाच्या वेगवेगळ्या मापांच्या पँटी एकत्र घ्याव्या लागतात, आणि सुटी एकच हवी असेल तर दुकानदार एक तर नाही म्हणतो किंवा असा भाव सांगतो की तेवढ्यात ठाण्यात मॉलच्या सेलमध्ये खरेदी व्हावी. चार-पाच घरांनी मिळून सेट घेतला तर मात्र फायदा निर्विवाद आहे. आम्ही भाचे, पुतणे आणि शेजारची दोन मुले यांची मापे लिहून नेली होती, म्हणून तो सेट आमच्या अंगावर पडला नाही. माप लेबलावरून घेऊ नये. बत्तिसाची म्हणून दिलेली पँट आम्ही टेपने मोजली तेव्हा साडेतीस भरली. ट्रायल रूमची अपेक्षा ठेवू नये आणि ‘फॅशन का माल वापस नहीं’ ही पाटी गांभीर्याने घ्यावी. एक पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिलाईवर जोरात घासावा. रुमाल निळा झाला तर ती पँट पहिल्या धुण्यात घरातले सगळे कपडे निळे करील. आमचा रुमाल पहिल्या दुकानात निळा झाला, दुसऱ्यात किंचित करडा, आणि तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी स्वतःच आपल्या बाटलीतले पाणी रुमालावर ओतून ‘घिसो, घिसो’ म्हटले. खरेदी तिथेच केली.

या धंद्याची एक बाजू गिऱ्हाइकाला दिसत नाही. जीन्सला तो विटका रंग आणि मऊपणा येतो तो धुलाईच्या कारखान्यांत, आणि त्यांचे रंगीत पाणी वर्षानुवर्षे वालधुनी नदीत जात असे. प्रदूषणाच्या तक्रारींवरून न्यायालयीन लढा झाला आणि शहरातले असे अनेक कारखाने बंद पडले. शिलाई इथे आणि धुलाई दुसऱ्या गावात, असे काही दुकानदारांनीच आम्हाला सांगितले, आणि भाव पूर्वीइतके पडेल का राहिले नाहीत याचे कारणही तेच दिले.

कॅम्प दोनमधील कपड्यांच्या खरेदीबद्दल तक्रारीला जागा नाही. चादरी आणि पडद्याचे कापड उत्तम, भाव वाजवी, दुकानदार बोलके. त्यांना ‘साईं’, म्हणजे सिंधीत आदराने, हाक मारली की घासाघीस खेळीमेळीने होते.

फर्निचरचा माल दिसायला देखणा असतो, आणि नेमकी तिथेच सावधगिरी लागते. बहिणीला कपाट आणि पलंग हवा होता. कोणत्याही कपाटाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून, सनमायका न लावलेली आतली कड पाहावी. एकावर एक थर दिसले तर प्लायवूड, आणि भुसा दाबून बसवल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. विक्रेता दोघांनाही ‘प्लाय’च म्हणतो. उल्हास नदीच्या काठच्या गावांत राहणाऱ्यांनी पार्टिकल बोर्ड घरात आणूच नये. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हे तळमजल्यावर घर घेणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, आणि वरच्या मजल्यावरही तिथली पावसाळी दमट हवा त्या बोर्डाला फुगवायला पुरेशी आहे. ठरलेल्या भावात टेम्पो, हमाली, जिना चढवणे आणि घरी येऊन जोडून देणे यांपैकी काय काय आहे, ते बिलाच्या कागदावर लिहून घ्यावे आणि बिल पक्के मागावे. आम्ही लिहून घेतले होते, तरीही हमालांनी दारात उभे राहून ‘तिसरा मजला बोलला नव्हता’ असे म्हटलेच. कागद दाखवल्यावर ते गप्प बसले.

खाण्याकडे येते. दाल-पकवान सकाळीच खावे. दुपारपर्यंत डाळ संपते किंवा आटून घट्ट होते. गोल मैदानाच्या बाजूला एका गाडीवर आम्ही ते उभ्याने खाल्ले. जिरे घातलेली, हाताने मोडताना कडकन वाजणारी मैद्याची मोठी पुरी, आणि शेजारी वाडग्यात मऊ शिजलेली पण दाणे न मोडलेली हरभरा डाळ, तिच्यावर चिंचेची चटणी, हिरवी चटणी आणि बारीक चिरलेला कांदा. पुरीचा तुकडा डाळीत बुडवून लगेच तोंडात टाकावा, कारण बोलत बसले की तो मऊ पडतो. मला या सहलीत मनापासून आवडलेली गोष्ट हीच. सिंधी कढी मागवणाऱ्या मराठी माणसाने ताकाची अपेक्षा ठेवू नये. ती तेलात भाजलेल्या बेसनाची, आंबट आणि भाज्यांनी भरलेली असते, शेवग्याच्या शेंगा आणि भेंडीसह, आणि भाताशिवाय तिला अर्थ नाही. कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, जड असते, दोघांत एक पुरे. कमळकाकडीची भजी चांगली, पण गरम असतील तरच. घीयर हा जिलबीसारखा गोड, होळीच्या सुमाराचा जिन्नस आहे, इतर दिवसांत कुणी ताजा म्हणून दिला तर घेऊ नये.

मिरी घातलेले सिंधी पापड घरी न्यायचे असतील तर ते सगळ्यात शेवटी घ्यावेत आणि पिशवीत जीन्सच्या वर ठेवावेत. आमचे खाली गेले आणि अंबरनाथ येईपर्यंत त्यांचा चुरा झाला. तोही भाजून चांगला लागतो, फक्त पाहुण्यांना वाढता येत नाही.