नव्या लॅपटॉपवर बीटा टाकू का?

गोव्यात फोंड्याला माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम चालतं. जत्रेच्या स्मरणिका, उत्सवी नाटकांच्या संहिता, लग्नपत्रिका, शिवाय फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट. त्यामुळे जूनपासून गणपतीच्या चवथीपर्यंत एक प्रश्न हमखास येतो: ‘काका, नवीन लॅपटॉप घेतलाय. त्यावर नव्या सिस्टिमचा बीटा टाकू का?’ सिस्टिम म्हणजे विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम आणि बीटा म्हणजे तिची पक्की होण्याआधी चाचणीसाठी दिलेली आवृत्ती.

प्रश्न याच दिवसांत येतो, त्याला कारण आहे. कॉलेज सुरू होताना आणि चवथीच्या ऑफरमध्ये लॅपटॉप घेतले जातात. ॲपल आपली पुढची सिस्टिम जूनमध्ये जाहीर करते, डेव्हलपर बीटा त्याच दिवशी देते आणि सगळ्यांसाठीचा बीटा साधारण जुलैत येतो. विंडोजच्या चाचणी आवृत्त्या तर वर्षभर सुरूच असतात. नवं मशीन हातात आणि नवी सिस्टिम एका क्लिकवर, मग मोह होणारच.

माझं उत्तर असं: नव्या मशीनवर पहिले काही महिने बीटा टाकू नका. पण बीटा वापरायचाच नाही असं मी म्हणणार नाही. उलट आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी तो वापरावा, आणि मराठीत वापरावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी नव्या मशीनबद्दल. बीटा कच्चा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. नवा लॅपटॉपही अजून पारखलेला नसतो, याचा मात्र कोणी विचार करत नाही. उत्सवाच्या नाटकात पेटीवाला नवा आणि तबलजीही नवा असला, तर पद बिघडलं की कोणामुळे ते सांगता येत नाही. इथेही तेच. झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन काळीच राहिली, वायफाय मधेच तुटलं, बॅटरी दुपारीच संपली, तर दोष कोणाचा? दुकानातून मशीन बदलून मिळण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि सर्व्हिस सेंटरमध्ये पहिली गोष्ट सांगतात ती ‘मूळ सिस्टिम टाकून आणा’. वाळपईहून किंवा पेडण्याहून त्यासाठी पणजीला दोन खेपा घालायच्या, तर कॉलेजचे दिवस बुडतात. म्हणून मशीन ज्या सिस्टिमसकट आलं, तिच्यावरच ते आधी पुरतं वापरा. कॅमेरा, माइक, प्रत्येक पोर्ट, चार्जर, प्रिंटर, सगळं. मशीन खणखणीत आहे याची खात्री पटली की पुढचं बघा.

आता कोणी म्हणेल, बिघडून बिघडून काय बिघडेल, पुन्हा फॉरमॅट मारू. बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतंही. पण 2017 च्या ऑक्टोबरात उबुंटू या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमची 17.10 आवृत्ती आली, तिच्यामुळे लेनोव्हो आणि आणखी काही कंपन्यांच्या ठरावीक लॅपटॉपचं बायोसच, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअरच अडकलं. सेटिंग बदललेली टिकेना, काही मशीन यूएसबीवरून सुरू होईनात. डिस्क पुसून हे सुटत नाही, कारण बायोस डिस्कवर नसतं, मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असतं. डिसेंबरात उबुंटूवाल्यांना डाउनलोड मागे घ्यावं लागलं आणि जानेवारीत दुरुस्त आवृत्ती आली. लक्षात घ्या, हा बीटा नव्हता, तयार म्हणून दिलेली आवृत्ती होती.

परतीची वाटही आधीच बघून ठेवावी लागते. विंडोजमध्ये अपग्रेडनंतर साधारण 10 दिवस मागे जाण्याची सोय असते. ती मुदत गेली की चाचणीतून बाहेर पडायला बहुधा सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. मॅकवरही मागे यायचं म्हणजे डिस्क पुसायची, आणि हाताशी हवा तो बीटाच्या आधी घेतलेला बॅकअप. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक फर्मवेअरच्या, म्हणजे चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरच्या पातळीवर अडकला, तर तो सोडवायला दुसरा मॅक आणि केबल लागते. घरात दुसरा मॅक किती जणांकडे असतो?

एक गोष्ट मी प्रत्येकाला समोर बसवून करायला लावतो. हल्लीच्या विंडोज 11 च्या लॅपटॉपवर डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेली असते. सिस्टिम सुरू होण्याच्या टप्प्यात काही बदल झाला, तर एक निळी स्क्रीन येते आणि 48 आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. पण खातं कोणाचं? पुष्कळदा दुकानातल्या मुलाने घाईघाईत कुठल्या तरी ईमेलने लॅपटॉप सुरू करून दिलेला असतो. मालकाला तो ईमेलही माहीत नसतो आणि पासवर्डही. की नसेल तर डिस्कवरचं काहीही हाती लागत नाही. म्हणून बीटा टाका अथवा टाकू नका, आजच आपल्या खात्यात लॉगिन करा, ती की शोधा, आठ गटांतले सहा-सहा आकडे कागदावर उतरवा आणि तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवा.

ज्यांचं पोट त्याच मशीनवर आहे, त्यांना मात्र मी स्पष्ट नको म्हणतो. जीएसटी भरणाऱ्यांची डिजिटल सहीची यूएसबी, आमच्या धंद्यातल्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं, ते चालायला लावावं लागणारं डोंगल, पंचायतीच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा जुना स्कॅनर, या सगळ्यांना आपापला ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण सिस्टिमशी जोडून देणारं सॉफ्टवेअर लागतो आणि नव्या सिस्टिमवर आधी बंद पडतात ते हेच ड्रायव्हर.

मग बीटा वापरायचा कोणी आणि कुठे? घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर, तो नव्या सिस्टिमच्या अटींत बसत असेल तर. किंवा चांगल्या लॅपटॉपवरच, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सिस्टिमच्या आत दुसरी सिस्टिम चालते. 16 जीबी रॅम असली तर आरामात. बिघडली तर ती एक फाइल काढून टाकायची. तिथे बॅटरी आणि वायफायची परीक्षा होत नाही, पण मला ज्याची सर्वांत जास्त काळजी आहे त्या अक्षरांची पुरेपूर होते.

2018 च्या फेब्रुवारीत आयफोनवर तेलुगू लिपीतलं एकच जोडाक्षर संदेशातून आलं, की संदेशांचं ॲपच कोसळायचं आणि पुन्हा उघडायचं नाव घ्यायचं नाही. मॅकवरही तीच गत. ते अक्षर होतं ‘ज्ञा’, ज्ञानेश्वरांच्या नावातलं. कोट्यवधी लोकांची भाषा, रोजच्या वापरातलं अक्षर, आणि ते तपासणीतून निसटून लोकांच्या खिशापर्यंत पोचलं! पुढच्या आवृत्तीच्या बीटात ही चूक आधीच दुरुस्त झाली होती. आपल्या लिप्यांत लिहिणारे पुरेसे लोक चाचणीत नसले की असं होतं, असं माझं मत आहे.

म्हणून मी बीटावर पहिल्यांदा मराठीच टाइप करतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट वाकतो का, ‘वाङ्मय’ जोडून येतं की पाय मोडून, ‘ॲड.’वरचा चंद्र जागेवर बसतो का, पदातल्या लांबवलेल्या स्वराचा ऽ ओळीच्या शेवटी एकटाच खाली उतरतो का. मग बॅकस्पेस दाबून बघतो: नुसती मात्रा जाते की अख्खं अक्षर? पीडीएफ काढून त्यातला मजकूर परत कॉपी करतो, कारण तिथे वेलांट्या फार वेळा पळतात. देवनागरी कोंकणीत लिहिणाऱ्यांनीही हेच करावं. गोव्यात दोन्ही भाषा कामकाजात आहेत आणि लिपी एकच आहे.

सापडलेली चूक कळवायलाच हवी, आणि नीट कळवायला हवी. 2018 च्याच ऑक्टोबरात विंडोज 10 च्या एका अपडेटने काही जणांच्या फाइल्स पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. चाचणी करणाऱ्या काही जणांनी ही तक्रार आधीच नोंदवली होती, पण ती बाकीच्या ढिगात दबली. विंडोजवर विंडोज की आणि एफ दाबलं की फीडबॅक हब उघडतं. मॅकच्या बीटात फीडबॅक असिस्टंट असतं. आधी कोणी तीच तक्रार केली आहे का ते शोधा, असली तर तिला दुजोरा द्या. नवी लिहायची तर साध्या इंग्रजीत दोन ओळी पुरतात: कुठल्या ॲपमध्ये, कुठला फॉन्ट, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं. स्क्रीनचा फोटो जोडा, पण बिघडलेला शब्द युनिकोडमध्येही, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांतच, पेस्ट करा. देवनागरी न येणाऱ्या इंजिनिअरला फोटोवरून तो टाइप करता येणार नाही. पेस्ट केलेला शब्द त्याला आपल्या मशीनवर जसाच्या तसा उमटवून बघता येतो.